लेकीच्या पायांवर विश्वास ठेवायला शिकवणाऱ्या काकूंना

ति. काकूंना साष्टांग नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि ‘पोरीनं काय खाल्लं आज?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. आमची लेक चालायला लागली हे पेठेत सगळ्यांना कळलंय. पण ती चालेपर्यंत तुम्ही आमच्या घरात काय काय केलंत, हे फारसं कुणाला माहीत नाही. ते कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तिची तारीख होती गुढीपाडव्याच्या सुमाराची. आली संक्रांतीला. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली ती एवढीशी पोर घरी आणली, तेव्हा तिचं वजन दोन किलोसुद्धा नव्हतं. पुढं ती हसायला लागली, उपडी पडायला लागली, बसायला लागली. पण प्रत्येक गोष्ट शेजारच्या पोरांपेक्षा उशिरा. पहिल्या वाढदिवसाला आलेले पाहुणे आधी तिच्याकडे बघायचे आणि मग एकमेकांकडे. ‘अजून उभी राहत नाही होय?’ हे वाक्य त्या संध्याकाळी हिनं, लेकीच्या आईनं, इतक्यांदा ऐकलं, की शेवटी ती स्वयंपाकघरातून बाहेर यायलाच तयार नव्हती.

तुम्ही त्या वेळी काही समजावत बसला नाहीत. भिंतीवरचं कालनिर्णय काढलंत, पाडव्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, ‘केक आज कापला, पण हिच्या पायांचा वाढदिवस अजून लांब आहे.’ दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय वाढीच्या बाबतीत डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून धरायचं, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. डॉक्टर त्याला सुधारित वय म्हणतात. तुम्ही ते पेनानं कॅलेंडरवर महिन्यागणिक लिहून दिलंत. हिनं ते पान जपून ठेवलंय. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

मला आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी शोधत बसलो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास छापलाय, त्यात आपला भारतही आहे. आधाराशिवाय चालण्याचा काळ त्यात ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. हे तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत. ‘आमच्या अंगणवाडीत एकाच आठवड्यात जन्मलेली दोन पोरं होती. एक दहाव्या महिन्यात पळायचं, दुसरं सव्वा वर्षाचं झालं तरी निवांत बसून. आज कोण आधी चाललं होतं, ते त्यांच्या आयांनाही आठवत नसेल.’ इतकी वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून पोरांच्या मागं जमिनीवर बसलेल्या बाईकडून हे ऐकणं आणि मोबाईलवर वाचणं, यात फार फरक आहे.

माझी सेकंड शिफ्ट असली की सकाळी लेक माझ्याकडे असते, कारण हिची शाळा सकाळची. त्या सकाळी तुम्ही यायचात. जुन्या वाड्यातलं आमचं घर. दोन खोल्यांमध्ये उंबरा, मागं परसात उतरायला पायऱ्या आणि बाहेर पाऊल टाकलं की अजिंक्यतारा किल्ल्याच्या अंगाचा उतार. तुम्ही आधी घर बघितलंत. पायऱ्यांच्या दाराला खालून फळी लावायला सांगितलीत. शहाबादी फरशीवर मोजे घालून पाय सरकतात, म्हणून मोजे काढायला लावलेत. घरात बूट नको, अनवाणीच. तळव्याला फरशी लागली तरच बोटं पकड घ्यायला शिकतात, हे तुमचं सांगणं.

मी तिचे दोन्ही हात धरून वर ओढून तिला चालवायला बघायचो, तसं बहुतेक सगळेच बाप करतात. तुम्ही मला रागावला नाहीत. नुसतं म्हणालात, ‘आता तूच हात वर करून चवड्यांवर चालून बघ.’ हात डोक्याच्या वर गेले की बाळाचं वजन पुढं झुकतं, ते तुमच्या हाताला लटकतं आणि तोल सांभाळायचं काम त्याचं राहतच नाही. धरायचंच तर कमरेला हलकं धरायचं, आणि हात द्यायचा तो तिच्या खांद्याच्या खाली राहील असा.

पण खरं शिक्षण तुम्ही दिलंत ते बसण्याचं. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हे मी कुठं ऐकलं नव्हतं. पोरगी दिवाणाला धरून उभी राहायला शिकली आणि दुसऱ्याच दिवसापासून उभ्या उभ्या रडायला लागली. आम्हाला वाटायचं पाय दुखतात. तुम्ही थोडा वेळ बघितलंत आणि सांगितलंत की तिला खाली कसं बसायचं तेच कळत नाहीये. वर जाता येतं, उतरता येत नाही, म्हणून घाबरते. मग तुम्ही तिच्या पायाशी स्टीलची वाटी ठेवलीत. एक हात दिवाणावर ठेवून दुसऱ्या हातानं वाटी घ्यायची तर गुडघे वाकवावेच लागतात. सुरुवातीला तुम्ही तिच्या ढुंगणाला तळहाताचा आधार द्यायचात, तो हळूहळू कमी केलात. वाटी उचलायची, दिवाणावर ठेवायची, पुन्हा खाली टाकायची, पुन्हा वाकायचं. त्या वाटीच्या आवाजानं खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोपमोड झाली असेल, त्यांचेही आभार. ज्या दिवशी तिला स्वतःहून अलगद खाली बसता आलं, त्या दिवसापासून तिचं रडणं गेलं. पडायची भीती गेली की पोर आधार सोडायला शिकतं. माझ्या मते तिचं चालणं त्या वाटीपाशी सुरू झालं.

पुढं छोट्या पाटावर बसवून उठायला लावणं, दिवाण आणि खुर्ची यांच्यात वीतभर फट ठेवणं, मग ती रोज थोडी वाढवणं. उंबरा तर तुम्ही तिला आधी रांगत ओलांडू दिलात. घाई तुम्ही एकदाही केली नाहीत. ती पडली की आम्ही दोघंही ‘अगं बाई!’ करून धावायचो, आजी फरशीला चापट मारायची. तुम्ही म्हणायचात, ‘मुंगी मेली बघ!’ आणि तिच्याकडे बघत थांबायचात. बहुतेक वेळा ती उठायची. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक ते दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांची पावलं मोजली होती: खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. ते वाचल्यावर आजीनंही फरशीला मारणं सोडलं.

वाढदिवसाला एका नातेवाइकांनी प्रेमानं चाकांचा, आत बसायचा वॉकर दिला होता. तुम्ही तो माळ्यावर टाकायला सांगितलात आणि कारणही दिलंत: त्यात बाळाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, ते चवड्यांनी ढकलतं, वजन गादीवर पडतं आणि तोल सांभाळायला ते शिकत नाही. वर आमच्या घरात उंबरा आणि पायऱ्या. कॅनडानं २००४ पासून असल्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे, हे मला नंतर कळलं. त्याच्या जागी तुम्ही तुमच्या घरचा लाकडी पांगुळगाडा आणलात. त्याला बाळ मागून उभं राहून ढकलतं, सगळं वजन त्याच्याच पायांवर. तो फार पळू नये म्हणून त्यावर गव्हाची पिशवी बांधलीत. उतारावर तर तो न्यायचाच नाही, म्हणून संध्याकाळी आपण तो रिक्षात घालून राजवाड्यासमोर गांधी मैदानावर न्यायचो. तिथल्या सपाट जागेवर तिनं तो पहिल्यांदा सरळ ढकलला, तेव्हा भेळ खायला आलेल्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

काकू, ‘होईल गं सगळं’ एवढं म्हणून तुम्ही थांबला नाहीत, याचं मला सगळ्यात जास्त मोल वाटतं. धीर देणारे खूप भेटले, लक्ष ठेवणारं तुमच्यासारखं कुणी नाही. दोन्ही पाय सारखे टाकते का, एकच हात वापरते का, अंग ताठ किंवा अगदी सैल तर नाही, आधी येत असलेलं काही विसरली तर नाही, हे तुम्ही खेळवता खेळवता बघायचात. सुधारित वयानं वर्षाची झाल्यावर धरूनही उभी राहिली नाही, किंवा दीड वर्षाची होऊन एकटी चालली नाही, तर वाट न बघता दाखवायचं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतंत. उन्हाळ्यात ती सारखी टाचा उचलून उभी राहायला लागली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘उद्याच दाखवू.’ आणि रिक्षात आमच्याबरोबर बसलात. बालरोगतज्ज्ञांनी घोटे वाकवून बघितले, स्नायू तपासले. टाचा टेकतायत, काळजीचं काही नाही, म्हणाले. पायांचा बाक दोन वर्षांपर्यंत असतोच आणि तळवे सपाट दिसणंही या वयात साहजिक, हेही त्यांच्याकडून आजीच्या कानावर घातलंत, त्यामुळे घरातला तो वादही मिटला. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचे नाहीत, याची आठवण तर तुम्ही जिन्यातूनच करून द्यायचात.

हे पत्र वाचणाऱ्या आईबापांसाठी तुमचंच एक सांगणं इथं लिहितो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि शंका आली तर पुढचे उपचारही मोफत मिळतात. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात काय यायला हवं, त्याची चित्रं आहेत. लसीच्या तारखा बघून ते कार्ड कपाटात ठेवून देऊ नका.

बेंदराला आजीनं मातीची बैलजोडी पाटावर मांडली होती. लेक दिवाणाला धरून उभी होती. तिनं हात सोडला, दोन्ही हात वर धरले आणि पाय फाकवून, डुलत डुलत थेट बैलांपर्यंत गेली. एका बैलाचं शिंग मोडलं. आजी हसत होती आणि रडतही होती. तुमच्याकडे पेढे घेऊन मी पळतच आलो, तर तुम्ही विचारलंत, ‘परत खाली बसली का नीट?’ बसली, काकू. न पडता बसली.

माझ्या लेकीला तुम्ही चालवलं नाहीत, तिला चालू दिलंत. आणि आम्हा दोघांना तिच्यावर भरवसा ठेवायची ताकद दिलीत. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, घेणारही नाही. पण आम्ही तुमचे जन्माचे ऋणी आहोत, हे चारचौघांत सांगायचा हक्क मला आहे.

पांगुळगाडा पुसून ठेवलाय, दांडीचा सैल झालेला खिळा सुताराकडून बदलून घेतलाय. तुम्ही म्हणालात तसा तो खालच्या आळीतल्या बाळाकडे देतो. ते अजून नुसतं बसतंय, त्यामुळे घाई नाही. गव्हाच्या पिशवीचं त्यांना मी समजावून सांगेन. रविवारी मात्र दुपारी आमच्याकडेच जेवायला या, आजीनं पुरणाचा घाट घातलाय.

तुमचा,
वरच्या आळीतला, लेकीचा बाप
सातारा