उन्हात तापलेल्या थायरॉईडच्या गोळ्यांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, गुणवत्ता विभाग

विषय: लिव्होथायरॉक्सिन गोळ्यांची खराब झालेली पेटी बदलून मिळणेबाबत

महोदय,

मे महिन्यात आलेली आपली पेटी आम्ही विक्रीतून बाजूला काढली आहे. बाटलीवर ‘30 अंशांखाली ठेवा’ असे छापले आहे. माल मात्र उघड्या टेम्पोत आला आणि दुपारभर टिनाच्या शेडखाली पडून राहिला. ब्रह्मपुरी भागात मे महिन्यात पारा सावलीतच 45 च्या वर जातो. बाटल्या उघडल्या तर गोळ्यांचा रंग पालटलेला, कडा भुरभुरत होत्या.

हे औषध उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींनी उतरते, आणि त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2007 मध्ये याच गोळीसाठी मुदत संपेपर्यंत 95 ते 105 टक्के औषध असण्याची अट घातली, ती उगाच नव्हे. थायरॉईड ग्रंथी पुरेसे टी-4 (गोळीतून मिळते तेच हार्मोन) बनवत नसली की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारे हार्मोन, वाढवते. गोळी कमजोर निघाली तरी तेच होते. मग डॉक्टरला वाटते, बाई गोळी चुकवते किंवा चहासोबत घेते, आणि डोस वाढतो. पुढे चांगली बाटली हाती आली की तोच डोस जास्त ठरतो: छातीत धडधड, हाताला कंप, म्हाताऱ्या माणसांत ठोके अनियमित.

शरीरात टी-4 निम्मे व्हायला साधारण 7 दिवस लागतात, म्हणून बिघाड लगेच कळत नाही. टीएसएचचा खरा आकडा 6 ते 8 आठवड्यांनी दिसतो, तोवर धानाची रोवणी लागते. तेव्हाचा थकवा कामाचाच समजून बाया अंगावर काढतात. गरोदर बाईचे तर फारच वाईट: पहिले तीन महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असते.

पूर्ण पेटी बदलून द्यावी. परत घेतलेल्या गोळ्यांतील औषधाचे प्रमाण तपासून, आपल्याकडे राखून ठेवलेल्या त्याच बॅचच्या नमुन्याशी ताडून लेखी अहवाल पाठवावा. एप्रिल ते जून माल बंद गाडीत, रात्री आणि तापमान नोंदवणाऱ्या यंत्रासह यावा. 100 गोळ्यांच्या बाटलीऐवजी 30 ची द्यावी. बाटली रोज उघडली की पावसाळ्यात ओल शिरते.

बॅच क्रमांक व फोटो सोबत आहेत. 15 दिवसांत उत्तर न आल्यास औषध निरीक्षकांकडे नमुने देऊ.

आपले,
डॉक्टर व औषध विक्रेते,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर