दोह्यातल्या दादांना, सांगलीहून

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "आबांचा गुडघा कसा हाय?" म्हणत विषय बदलता. पैशाचं तर नावच काढू देत नाही. म्हणून हे पत्र इथं, चारचौघांत लिहितेय. जानेवारी २०२४ मध्ये फुटबॉलच्या आशिया चषकासाठी कतारला गेलेल्या आम्हा बापलेकीला कुणी सांभाळलं, ते सगळ्यांना कळू दे.

आबांचं वेड तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. तरुणपणी ते कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. नोकरीमुळं सांगलीत आले, पण शाहू स्टेडियमवर सामने सुरू झाले की सुट्टीच्या दिवशी घरात सापडायचे नाहीत. भारताचा सामना परदेशात जाऊन बघायचा ही त्यांची जुनी इच्छा. २०११ चा आशिया चषकही दोह्यातच झाला होता, पण तेव्हा माझं शिक्षण चालू होतं आणि घरात तेवढा पैसा नव्हता. या वेळी मी कमावती होते. म्हटलं, आता नाही तर कधी?

पोचलो त्या संध्याकाळीच पंचाईत झाली. एजंटानं ज्या हॉटेलचा कागद दिला होता, तिथं आमचं बुकिंग रद्द झालेलं. एजंट फोन उचलेना. मुशैरिब मेट्रो स्टेशनवर बॅगा घेऊन बसलो होतो आणि आबा आईला फोनवर सांगत होते, "सगळं झ्याक हाय, तू काळजी करू नको." पाठमोरे उभे असलेले तुम्ही ते ऐकून वळलात. "काका, गाव कुठलं?" एवढंच विचारलंत, आणि अर्ध्या तासात आम्ही तुमच्या घरी वहिनींच्या हातचा चहा पीत होतो.

तुमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, हे ऐकून आबांचा जीव भांड्यात पडला. दुष्काळाला कंटाळून आपल्याकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात गेली, देशभर पसरली. तुमचे वडील त्रिशूरला गेले, तुम्ही तिथंच वाढलात, भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचा फुटबॉल, खेळलात. म्हणून तर दोह्यातली ती सगळी मल्याळी पोरं तुम्हाला आपलं मानतात, आणि तुमच्यामुळं त्यांनी आम्हालाही मानलं.

१३ तारखेचा ऑस्ट्रेलियाचा सामना. अल रिफा स्टेशनपासून अहमद बिन अली स्टेडियमपर्यंत निळी गर्दी, ढोल, तिरंगे. आमच्या जागा फार वर होत्या. आबांना पायऱ्या चढवेनात, तेव्हा तुम्ही स्वयंसेवकाशी बोलून तुमची आणि मित्राची खालची जागा आम्हाला दिलीत आणि तुम्ही दोघं वर गेलात. मध्यंतरापर्यंत ०-० होतं. आपला कॅप्टन सुनील छेत्री, त्याचं हेडर बाहेर गेलं तेव्हा आबा डोक्याला हात लावून उभेच राहिले. पंच होत्या जपानच्या योशिमी यामाशिता. पुरुषांच्या आशिया चषकात पंच म्हणून सामना चालवणाऱ्या त्या पहिल्या बाई. मला त्यांच्याकडं बघून फार भारी वाटत होतं, पण आबा सगळा वेळ फक्त आपल्या गोलकीपरकडं, गुरप्रीतकडं बघत होते.

५० व्या मिनिटाला उजवीकडून क्रॉस आला. गुरप्रीतनं हात घातला, पण चेंडू गेला तो नेमका ऑस्ट्रेलियाच्या जॅक्सन अर्व्हाइनच्या पुढ्यात. गोल. आमच्या मागं दोघं-तिघं गोलकीपरला शिव्या द्यायला लागले. आबा खाली बसले, मान खाली घालून. मी पाणी पुढं केलं तर घेतलं नाही.

तेवढ्यात वरून ढोल वाजला. बघते तर तुम्ही. मित्राच्या गळ्यातला ढोल काढून घेतलेला आणि ओरडताय, "गुरप्रीत! गुरप्रीत!" आधी तुमचा एकट्याचा आवाज, मग तुमच्या पोरांचा, मग आमच्या ओळींमधल्या सगळ्यांचा. शिव्या देणाऱ्यांतला एक जण टाळ्या वाजवू लागला. आबा कठड्याला धरून उठले आणि सामना संपेपर्यंत बसले नाहीत. ७३ व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या जॉर्डन बॉसनं दुसरा गोल केला, तेव्हाही नाही.

त्या रात्री तुमच्या गॅलरीत आबांनी मला सांगितलं की एका फायनलला त्यांनी अगदी असाच गोल खाल्ला होता आणि पुढं कितीतरी दिवस पेठेत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. मी त्यांची लेक, पण मला हे पहिल्यांदा कळत होतं. म्हणाले, "आमच्या टायमाला असं एक जरी पोरगं हुबं ऱ्हायलं असतं..." पुढं बोलले नाहीत. दादा, तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही गुरप्रीतसाठी ओरडलात, पण ते आबांना पोचलं. घर, जेवण, जागा या सगळ्याचे आभार आहेतच. पण हे पत्र मुळात त्या हाकेसाठी आहे.

दुसऱ्या दिवशी भोगी. वहिनींनी गावाहून आलेल्या बाजरीच्या पिठाच्या तीळ लावलेल्या भाकरी केल्या. घेवडा, वांगी, गाजर, हरभरा घालून भाजी. तुमची मल्याळी पोरं जमिनीवर मांडी घालून जेवली आणि आम्ही नेलेलं भडंग त्यांनी बघता बघता संपवलं. आई सोडून सण साजरा करायची माझी ती पहिलीच वेळ, पण घर सोडून आलोय असं वाटलं नाही.

पुढच्या सामन्यात उझबेकिस्ताननं तर पहिल्या अर्ध्यातच तीन गोल केले. तुम्ही ड्यूटीवरून थेट आला होता, जेवलाही नव्हता, तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत ढोल थांबला नाही. सीरियाच्या सामन्याला आम्ही सांगलीत परत आलो होतो. ७६ व्या मिनिटाला खरिबिननं गोल केला, भारत एकही गोल न करता घरी निघाला, आणि आबा टीव्हीवर अल बैत स्टेडियमच्या गर्दीत तुम्हाला शोधत होते.

मे महिन्यात गावी येणार म्हणालात. विट्याला जायच्या आधी चार दिवस आमच्याकडं, विश्रामबागेत उतरायचं, पोरांना घेऊन. आबांना तुम्हाला कोल्हापूरला न्यायचंय, त्यांच्या तालमीतल्या जुन्या गड्यांना भेटवायचंय. तिकडं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर वहिनींसाठी बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग पाठवलंय. मिळालं की फोन करा.

तुमची सांगलीची बहीण