तीस टक्के कुणाचे?

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन आधी तू ठेवलास की मी, यावर बाबांचं आणि माझं अजून एकमत नाही. माझा आवाज चढला, हे मात्र खरं. "प्रकल्पातल्या त्या दोन स्टुडिओंचा कमी पडणारा वाटा सध्या मी भरते, आई. नंतर बघू." कुणाच्या हातातली पिशवी दोन मिनिटं धरायची असावी, इतक्या सहज म्हणालीस.

त्या गडबडीत अभिनंदन राहूनच गेलं. बाबांनी निकालाचं पान मोठ्या अक्षरांत छापून आणलंय आणि समन्वयक संस्थेच्या रकान्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलीय. मामीला दोनदा वाचून दाखवलं. युरोपीय संघाच्या क्रिएटिव्ह युरोप या सांस्कृतिक अनुदान योजनेच्या सहकार्य प्रकल्पांत १०० पैकी ७० गुणांच्या खाली अर्ज टिकतच नाही, हेही त्यांनीच तिला समजावलं. बाहुली नाचवणाऱ्यांच्या बोटांची हालचाल टिपायची आणि तिचा उपयोग अॅनिमेशनवाल्यांना कसा होईल ते शोधायचं, त्यासाठी पाच देशांतल्या पाच संस्था एका कागदावर आणायच्या. तू हे केलंस. तुझ्या वयाची असताना मला शेजारच्या विभागाची सही मिळवताना घाम फुटायचा.

बाहुल्यांमधलं मला फार कळत नाही, पण आयुष्य लेखा विभागात गेलंय, तेव्हा आकडे कळतात. तुझ्या मध्यम आकाराच्या प्रकल्पाला जास्तीत जास्त १० लाख युरो मिळू शकतात, पण खर्चाच्या ७० टक्केच. लहान प्रकल्पाला ८० टक्के देतात, मात्र २ लाखांवर हात आखडतो. मोठ्यांना ६० टक्के. म्हणजे कुणी पुरते १० लाख मागितले, तर सव्वाचार लाखांहून जास्त स्वतः उभे करायचे. तुम्ही कमी मागितलेत, शहाणपणा केलात. तरी तीस टक्के हे तीस टक्केच. त्यात भाडं, वीज, हिशेबनीस अशा अप्रत्यक्ष खर्चापोटी ठोक ७ टक्के. संघाच्याच होरायझन युरोप या संशोधन योजनेत याच गोष्टींना २५ टक्के धरतात. मोठ्या विद्यापीठांना जास्त आणि चार माणसांच्या स्टुडिओला कमी, हा न्याय मला कळलेला नाही, पण नियम करताना मला कोण विचारणार!

आणि सुरुवातीला आगाऊ रक्कम मिळाली, तरी शेवटची मिळते ती अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर. काम संपलेलं असतं, कलाकारांना पैसे दिलेले असतात आणि आपण वाट बघत असतो. त्या वेळी तुझ्या खात्यात काय असेल? घरासाठी बाजूला ठेवलेलं तेच ना?

नानांचं तुला अर्धंच माहीत आहे. मंडळींच्या परदेश दौऱ्याचा खर्च तिकडचे यजमान परत करणार होते. नानांनी वादकांची बिदागी, तिकिटं, वेशभूषा, सगळं आपल्या खिशातून भागवलं. यजमानांकडची माणसं बदलली, नवी माणसं म्हणाली की असं काही ठरल्याचं आमच्या कागदांत नाही. नानांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. संध्याकाळी तबल्याला शाई बसवून घ्यायला गेले तेव्हा मी बरोबर होते. ते त्या माणसाला म्हणाले, पुढच्या महिन्यात देतो. असं ते आधी कधी म्हणालेले मी ऐकलं नव्हतं. आजीच्या पाटल्यांचं काय झालं ते मावशीला विचार, मला लिहवत नाही. दौरा मात्र फार रंगला होता, हेही सांगायला हवं. त्याची कात्रणं अजून निळ्या पेटीत आहेत.

भरकटले. सांगायचं होतं ते हे, की सीमेपलीकडच्या पैशाला सीमेपलीकडची कारणं असतात. तुझी ज्युरिचची ध्वनीवाली मैत्रीण फक्त सहयोगी म्हणून आली, एक युरोही न घेता. तिच्या कामात काय कमी होतं? स्वित्झर्लंडच क्रिएटिव्ह युरोपमध्ये नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत तिथे स्थलांतरावर सार्वमत झालं आणि चित्रपटांसाठीच्या युरोपीय मदतीची दारंही बंद झाली. ब्रिटनने २०२१ पासून क्रिएटिव्ह युरोप सोडलं. त्याच वर्षी त्यांनी परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली. मार्चमध्ये, त्या मदतीतून संशोधनाला पैसे देणाऱ्या त्यांच्या निधी संस्थेने सांगितलं की कबूल केलेले आणि हातात असलेले पैसे यांत १२ कोटी पौंडांची तफावत आहे. कात्री चालू प्रकल्पांनाही लागली. दुसऱ्या देशांतल्या जोडीदारांनी माणसं नेमलेली होती, त्यांनी काय करायचं?

तू म्हणशील, युरोपीय संघ असं करणार नाही. नसेल करत. पण मला भीती संघाची नाही, त्या दोन स्टुडिओंची आहे. त्यांचा वाटा तू भरलास, तर तो कुठल्या कागदावर असेल? कर्ज म्हणून, की मैत्री म्हणून?

त्यांना एवढं विचार. त्यांच्या माणसांचे पगारही प्रकल्पाचा खर्च म्हणून धरता येतात. ते पगार दुसऱ्या उत्पन्नातून निघत असतील, तर त्यांच्या वाट्याचा मोठा भाग तिथेच भरून निघतो. फक्त तोच खर्च दुसऱ्या युरोपीय अनुदानात दाखवलेला नको. निवडलेल्या प्रकल्पांना काही देश स्वतःहून पूरक निधी देतात, त्यासाठी त्यांनी अर्ज केलाय का? आणि भागीदारी करारात प्रत्येकाने किती रक्कम, कुठून आणि कधी आणायची ते लिहून घे. न आणली तर त्याच्या कामाचा आणि अनुदानाचा भाग कमी होईल, हेही. लिहून मागितल्याने मैत्री तुटत नाही. तुटलीच, तर आता तुटलेली परवडेल. कागद पाच वर्षं जपायचे, शेवटचा हप्ता मिळाल्यापासून मोजून.

बघ, पुन्हा कार्यालयातली बाई बोलायला लागली. रागावू नकोस. तू लहान नाहीस, आणि अर्जातलं अंदाजपत्रक तू माझ्याहून नीट मांडलंयस. मी ओळीओळीने तपासलं, एकही बेरीज चुकलेली नाही. कलाकारांना मानधन वेळेवर द्यायचं, हा तुझा हट्टही मला आवडतो. तो कुठून आलाय ते ठाऊक आहे, म्हणून तर झोप लागत नाही.

औषध वेळेवर घे. दादाशी बोललीस तर त्याला यातलं काही सांगू नकोस, तो लगेच पैसे पाठवेल आणि मग मला दोघांची काळजी.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, एवढं लिहिलंस ते पुरे, आता विचारू नकोस. तरी विचारते. दुसऱ्या स्टुडिओचं पत्र आलं का? सही कुणाची आहे त्यावर?