संडास बांधून झाला, पण सांभाळणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वस्त्यांच्या स्वच्छतेसाठी अमुक कंपनी, तमुक संस्था आणि महापालिका एकत्र येणार अशा बातम्या पेपरात अधूनमधून येतात, वाचून बरं वाटतं, पण फोटो असतो तो उद्घाटनाचा आणि मला विचारायचंय ते फीत कापल्यानंतरचं.

मी गोवंडीत राहते. आमच्याकडचा सार्वजनिक संडास नवा होता तेव्हा टाइल्स वगैरे लावून एकदम चकाचक होता. आता बायकांच्या बाजूला काही दारांना कडीच नाही, एका हाताने दार ओढून धरून बसायचं. आत दिवा नसतो म्हणून रात्री पोरींना एकटं सोडत नाही, मोबाईलची बॅटरी लावून दोघीदोघी जातात. टाकी भरली की घाण पाणी गल्लीत येतं आणि तक्रार केली की हा म्हणतो त्याचं काम, तो म्हणतो ह्याचं. बांधायचे पैसे कुणीतरी देतं, टाकी उपसायचे कोण देणार हे आधी ठरलेलंच नसतं, सगळं घोडं तिथेच अडतं.

मुंबईत यावर विचार झाला नव्हता असं नाही. 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने वस्ती स्वच्छता कार्यक्रम आला त्याची पद्धत मला अजूनही पटते, आधी रहिवाशांनी मंडळ रजिस्टर करायचं, मोठ्या माणसामागे 100 रुपये आणि एका कुटुंबाचे जास्तीत जास्त 500 भरायचे, मग महापालिका संडास बांधून पाणी-वीज जोडून देणार आणि पुढची देखभाल मंडळाने संडास वापरायच्या महिन्याच्या पासाच्या पैशातून करायची. सांताक्रूझच्या त्रिरत्न प्रेरणा मंडळाने हे करून दाखवलं, संडास तर नीट ठेवलाच, वर सोलर बसवलं, कॉम्प्युटरचे क्लास सुरू केले. पण सगळीकडे असं झालं नाही. काही ठिकाणी मंडळ कागदावरच राहिलं आणि एखाद्या दादाच्या हातात गेलं, काही ठिकाणी पासाचे पैसे लाइट-पाण्याच्या बिलातच संपतात, मग केअरटेकरला पगार कुठून देणार? गरीब माणसांच्या मंडळावर अख्खा खर्च टाकायचा आणि त्याला भागीदारी म्हणायचं हे मला तरी मान्य नाही.

कचऱ्याचंही तेच. आमच्या बोळात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे गाडी कशी येणार, कचरा उचलायला माणूसच लागतो. तो रोज आला नाही की पिशव्या गटारात जातात आणि पावसाळ्यात तेच पाणी घरात. महापालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत हे काम स्थानिक मंडळांकडे दिलं, पण झाडणाऱ्याला नाव दिलं स्वयंसेवक आणि हातात टेकवलं मानधन! पुण्यात बघा, कचरावेचक बायकांची ‘स्वच्छ’ नावाची स्वतःची सहकारी संस्था आहे, तिने 2008 मध्ये महापालिकेशी करार केला, त्या दारोदार कचरा घेतात, घरटी महिन्याला फी मिळते आणि सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच. तिथेही भांडणं झाली, करार लटकले, पण निदान राबणारी बाई टेबलाशी बसून बोलते तरी. 2016 च्या घनकचरा नियमांतही कचरावेचकांना सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलं होतं. देवनारचा कचऱ्याचा डोंगर आमच्या उशाशी आहे, त्याच्या आगीचा धूर आम्ही 2016 मध्ये खाल्लाय, त्यामुळे असे नियम आमच्यासाठी नुसते कागद नाहीत.

म्हणून यापुढे असा कोणताही करार झाला की त्यात निदान दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला काढलेले असावेत, लाइट-पाणी घरगुती दराने मिळावं, मंडळात निम्म्या तरी बायका असाव्यात आणि झाडणाऱ्याला किमान वेतन मिळावं. टाकी कोण उपसणार आणि फोन कुणाला करायचा हे संडासाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आणि तुमचा वार्ताहर उद्घाटनाला येतो तसा वर्षभराने परत पाठवा, शक्यतो एखाद्या बाईला पाठवा म्हणजे ती आत जाऊन बघेल.

आपली,
एक वाचक, गोवंडी, मुंबई