दाढ दुखते हे सांगायला नातू का लागावा? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी दवाखान्यांत दुभाष्याचे काम करते. अल्पसंख्य समाजातल्या ज्या रुग्णांची भाषा डॉक्टरांना येत नाही, त्यांच्याजवळ बसते. ऑपरेशन असले की मला हमखास बोलावतात. दातांसाठी मात्र क्वचितच. तिथे घरातले मूलच पुढे केले जाते.

एकदा दुसऱ्याच कामासाठी गेले होते. दंतवैद्यांच्या खोलीचे दार उघडे होते. आत दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणि गाल धरून बसलेली त्याची आजी. डॉक्टर मुलाला आजीला विचारायला सांगत होते: कळ थंडाने येते की चावताना? हिरडीतून रक्त येते का? मधुमेह आहे का? मुलाला घरच्या भाषेत 'हिरडी' म्हणता येईना. त्याने एवढेच विचारले, "दुखतंय ना?" आजीने मान हलवली. दाढ काढली गेली. ती वाचली असती की नाही, मला सांगता येणार नाही. पण आजीला कुणी विचारलेच नाही. मधुमेहाचा प्रश्नही तसाच राहिला. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

'हे लोक दातांकडे लक्षच देत नाहीत' हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. ते खरे नाही. खर्चाची धास्ती, बुडणारी मजुरी आणि आपले बोलणे कळेल का ही भीती, यांमुळे माणूस ठणका असह्य होईपर्यंत थांबतो.

उपाय महागडे नाहीत. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2021 पासून आहेत. यांतले दुसरे, म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, किडलेल्या जागी नुसते लावायचे. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. कीड बऱ्याचदा तिथेच थांबते, पण ती जागा काळी पडते. हे आईला तिच्या भाषेत आधी सांगितले नाही, तर ती मुलाला परत आणणार नाही. म्हणून औषधाबरोबर दुभाषीही द्या.

दंतविभागाच्या नोंदींत या सगळ्या समाजांना 'इतर' या एकाच रकान्यात कोंबू नका; कुणाचे हाल अधिक आहेत ते त्यातून कळत नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला दुभाषी करू नये, असा लेखी आदेश काढा. तो मुलगा त्या दिवशी शाळा बुडवून आला होता.

आपली,
एक दुभाषी