उचगावहून उद्यमबागला जायला सीबीटी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावला नव्या बस येणार, इलेक्ट्रिक बस येणार, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. येऊ देत. पण त्या कुठून कुठे धावणार आणि उतरल्यावर पुढे काय, हे कुणी विचारताना दिसत नाही. म्हणून हे पत्र.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात आहे. हजेरी माझ्याकडे. आठच्या पाळीला कोण उशिरा आले, का आले, हे लिहून ठेवायचे काम. पिरनवाडी-मच्छेची माणसे वेळेवर येतात, यळ्ळूर-धामणेची दुचाकीवरून धडपडत पण येतात. लाल शाईची खूण पडते ती बहुधा पश्चिम भागातल्यांच्या नावापुढे: सुळगा, तुरमुरी, बाची, बेकिनकेरे, कुद्रेमानी. आणि उचगाव, जिथे मी राहते. आमच्याकडची माणसे आळशी आहेत असे मॅनेजरसाहेबांचे मत आहे. त्यांनी एकदा आमच्या फाट्यावर सकाळी उभे राहून पाहावे.

उद्यमबाग शहराच्या नैर्ऋत्येला, खानापूर रोडवर. आम्ही वेंगुर्ला रोडवर, म्हणजे पश्चिमेलाच. पण आमच्या बसला शेवटी गाठायचे असते मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे सीबीटी, ते पार तिकडे किल्ल्याजवळ. हिंडलगा, अरगन तलाव, कॅम्प करत आम्ही शहर ओलांडून सीबीटीला जातो. तिथे दुसरी सिटी बस धरून चन्नम्मा चौक, बोगारवेस, गोवावेस, आरपीडी कॉर्नर करत उद्यमबागेजवळच्या तिसऱ्या रेल्वे गेटला येतो, म्हणजे ज्या बाजूने आलो त्याच बाजूला परत. सकाळी बोगारवेसला काय अवस्था असते ते वाचकांना सांगायला नको. मंगळवार-शुक्रवारी मळेकरणी देवीची गर्दी असली की संध्याकाळी आमचा रस्ताही बोलायची सोय नाही.

याला सरळ वाट आहे. कॅम्पातून गोगटे सर्कल, तिथून काँग्रेस रोडने तिसरे गेट आणि उद्यमबाग. रस्ता आहे, रुंद आहे, नवा बांधायचा नाही. गोगटे सर्कलपासून रेल्वे स्टेशनही चालत जाण्याइतके. उचगाव ते मच्छे अशी थेट बस सकाळ-संध्याकाळ पाळीच्या वेळा धरून सोडली, तर गाव, स्टेशन, टिळकवाडीतली कॉलेजे, कारखाने आणि मच्छेचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ एका दोऱ्यात ओवले जातील. प्रत्येक बस सीबीटीला गेलीच पाहिजे हा नियम कुणी केला?

आता टमटमविषयी, म्हणजे माणशी पैसे घेऊन चालणाऱ्या रिक्षांविषयी. त्यांच्यावर कारवाई झाल्याच्या बातम्या येतात, जादा माणसे भरली, परवान्याचा भंग केला म्हणून. कायद्याने ते खरे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे रिक्षाचा परवाना असतो अख्खी गाडी एका गिऱ्हाइकाला भाड्याने देण्याचा. जागेजागेवर माणसे घेऊन माणशी पैसे घेणे हे बसचे काम. पण बस नसते तिथे बेळगाव तालुका या टमटमवर आणि वडापच्या खासगी गाड्यांवरच चालतो, हेही खरे. हिंडलग्याहून गोगटे सर्कलला मी रोज तशीच येते, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी बाहेर बसून. मुंबईच्या उपनगरांत शेअर रिक्षाचे मार्ग, थांबे आणि माणशी दर परिवहन प्राधिकरणच ठरवून देते. आपल्याकडे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांनी मनावर घेतले तर हिंडलगा, कंग्राळी, यळ्ळूर अशा ठराविक मार्गांवर शेअर रिक्षांना रीतसर मान्यता देता येईल. दर पाटीवर लिहायचा, माणसे मोजून घ्यायची, आणि रिक्षा मुख्य रस्त्यावरच्या बसथांब्याशी आणून सोडायची. मग टमटमवाला बसच्या पुढे पुढे पळून तिची माणसे पळवणार नाही, तिला आणून देईल. आज दोघे एकमेकांचे वैरी आहेत आणि मधे आम्ही.

शक्ती योजनेविषयी लिहिले नाही तर हे पत्र अर्धे राहील. जून २०२३ पासून आम्हा बायकांना कर्नाटक राज्याच्या साध्या बसला तिकीट नाही. आमच्या पॅकिंगमधल्या कितीतरी जणींचा महिन्याचा मोठा खर्च वाचला, मी त्या योजनेला नावे ठेवणार नाही. पण गंमत बघा, फुकट बस वळसा घालून नेते, म्हणून वेळेत पोचायचे तर पैसे मोजून टमटमच करावी लागते. पाळीवर जाणाऱ्या बाईला शून्य रुपयांच्या तिकिटापेक्षा पंचवीस मिनिटे महाग पडतात. आणि शिनोळीहून येणाऱ्या मुलींना तर दोन्हीकडून काही नाही. आधारकार्डावर पत्ता चंदगड तालुक्याचा, म्हणजे महाराष्ट्रातला, म्हणून शक्ती नाही. महाराष्ट्राच्या एसटीची मार्च २०२३ पासूनची निम्म्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. शिनोळी ओलांडली की पूर्ण भाडे. चुलत बहिणी, एकच कारखाना, एकच पाळी, आणि प्रवासाचे हिशेब तीन तऱ्हेचे.

त्यात सीमाप्रश्नावरून कुठे काही झाले की आंतरराज्य बस थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबल्या. त्या राजकारणात मी पडत नाही, आमच्या घरी त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एवढेच म्हणते की दोन राज्यांच्या महामंडळांत कुणाच्या बसने कुठल्या मार्गावर किती किलोमीटर धावायचे याचा करार असतोच. त्या करारात शिनोळी-बेळगावसारख्या रोजच्या नोकरदारांच्या फेऱ्यांचा वेगळा विचार व्हावा.

एक छोटी गोष्ट, जवळजवळ बिनखर्चाची. बसच्या पाटीवर मोठा क्रमांक लावा. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आपल्याकडे किती वर्षे भांडण चालू आहे ते सगळ्यांना माहीत आहे, ते चालू द्या. पण आमच्या फाट्यावरच्या म्हाताऱ्या आजीला कुठलीच भाषा वाचता येत नाही, तिला पाच आणि सात कळतात.

आता हे सगळे कुणी करायचे? इथेच घोडे पेंड खाते. बस वायव्य कर्नाटक परिवहनची, तिचे मुख्यालय हुबळीला. रस्ते आणि थांबे महापालिकेचे. कॅम्पातला थांबा म्हटले की कँटोन्मेंट बोर्ड. रिक्षा आरटीओकडे, स्टेशन नैर्ऋत्य रेल्वेकडे, चंदगडची एसटी कोल्हापूरकडे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने शहरातली सगळी वाहतूक एका प्राधिकरणाखाली आणा असे सांगितले, पण ते दहा लाखांवरच्या शहरांसाठी. आपले शहर त्या मापात बसत नाही, म्हणून कुणाचीच जबाबदारी नाही. हुबळी-धारवाडला २०१८ पासून २२ किलोमीटरच्या राखीव मार्गावर चिगरी बस धावते, तशी इथेही हवी असे काहीजण म्हणतात. खडे बाजार आणि गणपत गल्लीच्या गावात ती कुठून घालणार? आपल्याला राखीव मार्ग नको, आहे ते एकमेकांना जोडून हवे.

रेल्वेचेच घ्या. ऑगस्ट २०२५ पासून बेंगळूरची वंदे भारत बेळगावपर्यंत येते. पहाटे साडेपाचच्या आत सुटते, रात्री साडेदहानंतर पोचते. स्टेशनची नवी इमारत फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली, चांगली झाली. गाडीतून उतरून बाहेर आले की मात्र रिक्षावाला सांगेल तो भाव. मीटर असतो, तो पाडत नाहीत. त्या गाडीच्या वेळेला सीबीटीकडे एक आणि तिसऱ्या गेटकडे एक बस उभी ठेवायला काय लागते?

जिल्हाधिकाऱ्यांनी या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवावे, आणि त्या टेबलाशी रिक्षा संघटनेला व उद्यमबागेतल्या कारखानदारांनाही जागा द्यावी. सर्वेक्षणाची निविदा काढायची घाई करू नये. कुठल्या गावची किती माणसे कुठल्या पाळीला येतात आणि किती वाजता सुटतात, हे इथल्या प्रत्येक टाइम ऑफिसात लिहिलेले आहे. नावे वगळून नुसते आकडे काढायला एक दुपार पुरे. आमच्या कारखान्याचे मी काढून ठेवले आहेत. साहेबांची परवानगी घेतली आहे, कुणी मागितले तर देऊ.

आपली,
एक नोकरदार वाचक
उचगाव, ता. बेळगाव