माझ्या हातातला पाना न घेतल्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी जुनी गाडी मला दुरुस्त करायला शिकवलंत, त्याबद्दल तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, "आधी जॅक नीट लागलाय का बघ." दुसऱ्यांदा ऐकूच आलं नाही असं दाखवलंत. तिसऱ्यांदा स्टूल उचलून घरी निघून गेलात. म्हणून हे उघडं पत्र. चार लोकांच्या देखत लिहिलं म्हणजे तुम्हाला स्टूल उचलता येणार नाही.

गाडी घेतली तेव्हा मला साधं चाकसुद्धा बदलता येत नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. पण पाना कसा धरलाय यावरून तुम्ही ओळखलंच असणार. १९५९ ची मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसीचं इंजिन, कित्येक वर्षं एका शेडमध्ये धूळ खात पडलेली. चारही टायर जमिनीला टेकलेले, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत उंदरांचा संसार, टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वार्निशचा वास. येणाऱ्याजाणाऱ्याला भंगार दिसत होतं. मला मात्र ती धुऊनपुसून, दिवे लावून दारात उभी असलेलीच दिसत होती.

पहिल्याच संध्याकाळी मी नवी बॅटरी घेऊन आले. जोडायची, किल्ली फिरवायची, लागली तर लागली, एवढाच बेत. तुम्ही वाकून आत बघितलंत, किल्ली काढलीत आणि स्वतःच्या खिशात टाकलीत. तोवर आपली धड ओळखही नव्हती.

"कधीपासून उभी आहे?"

"बरीच वर्षं."

"मग तिला घाई नाही. तुलाच आहे."

मला राग आला होता, हे आज कबूल करते. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरून बसतात, आणि स्टार्टरने हिसका दिला तर सुटण्याआधी मोडतात, हे मला त्या दिवशी कळलं. चारही प्लग काढायला लावलेत. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक भोकातून थोडं थोडं सोडायचं, आणि परत जायचं. अकरा संध्याकाळी मी एवढंच केलं. गाडी दुरुस्त करतेय असं लोकांना सांगत होते आणि प्रत्यक्षात रोज दहा मिनिटं तेल घालून घरी जात होते! बाराव्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून आपण मागून ढकलली, पुढे-मागे, पुढे-मागे, नुसती हलवल्यासारखी. आणि पंखा फिरला. बोटभरच, पण फिरला. किल्ली तुम्ही त्यानंतरही दिली नाहीत. आधी तेल बदललं, मग प्लग न लावताच स्टार्टर मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसतं फिरवलं, म्हणजे बेअरिंगांना कोरडं धावावं लागू नये. तेवढ्यापुरती किल्ली मिळाली आणि लगेच खिशात परत गेली.

पान्यांचा धडा मात्र तुम्ही दिला नाहीत, तो मला घेऊ दिलात. माझ्याकडे चकचकीत नवा मिलिमीटरचा सेट होता. गाडीचे बोल्ट इंचातले. बोल्टचं अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसतो. बसतो म्हणजे बसल्यासारखा वाटतो. पॉइंट तीन मिलिमीटरच्या त्या फटीत मी दोन बोल्टांचे कोपरे गोल केले आणि एका ब्रेक पाइपच्या नटाची पार वाट लावली. तुम्ही स्टुलावर बसून बघत होतात. दुसऱ्या दिवशी इंचाच्या पान्यांची, कापडात गुंडाळलेली, कोपरे झिजलेली तुमची जुनी जोडी माझ्या बॉनेटवर ठेवलेली होती. त्यावर ना तुम्ही काही बोललात, ना मी.

मग पत्रा. बाहेरून गाडी बरी दिसत होती. तुम्ही मला एक लोहचुंबक दिलंत, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून फडक्यात बांधलेलं, आणि म्हणालात, "फिरव." दारावर चिकटलं, छतावर चिकटलं, मडगार्डांवरही बहुतेक ठिकाणी. दाराखालच्या सिलवर आलं आणि हातातून सुटून खाली पडलं. तिथे लोखंड नव्हतंच. आधीच्या कोणीतरी गंजाच्या भोकांत वर्तमानपत्र कोंबून वरून बोटभर पुट्टी थापली होती, घासून गुळगुळीत केली होती आणि रंग मारला होता. मी ते पोखरून काढलं तेव्हा कागदाचा ओला लगदा बाहेर आला. मला रडू फुटलं होतं, तुम्ही तेव्हा मुद्दाम डिकीत काहीतरी शोधत राहिलात. त्याचेही आभार.

मायनरला वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळा भार उचलते. मडगार्ड बोल्टने सुटतात, पण सिल म्हणजे गाडीचा कणा. हे मला माहीत नव्हतं. मी ग्राइंडर घेऊन कुजलेला भाग कापायला सरसावले होते. दुसऱ्यांदा तुम्ही थांबवलंत ते इथे. आधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या लोखंडी पट्ट्या टाकून घ्यायच्या, मगच कापायचं. नाहीतर गाडी मध्यातून बसते आणि दार जन्मात पुन्हा लागत नाही. आणि सिलचं वेल्डिंग तुम्ही मला करू दिलं नाहीत. मी महिनाभर पत्र्याच्या तुकड्यांवर हात बसवला होता, मला चांगलं जमायला लागलं होतं, तरी नाही. "बॅटरीचा ट्रे तू जोड. जिथे माणूस बसतो तिथे ज्याचं पोट यावर आहे तो जोडेल." मी फुगून बसले. आज त्या सिलवर बसून मी ताशी ऐंशी किलोमीटरने जाते, तेव्हा फुगलेली नसते.

त्याच संध्याकाळी, मी तोंड पाडून बसले असताना, तुम्ही बॉनेटच्या मधोमध असलेल्या त्या सपाट पट्ट्यावरून हात फिरवलात आणि विचारलंत, "हा कशाला आहे, माहितीये?" मला वाटायचं नक्षी असेल. मग तुम्ही ही गाडी ज्याने आखली त्या अ‍ॅलेक इसिगोनिसची गोष्ट सांगितलीत. गाडी १९४८ मध्ये लोकांसमोर यायची होती, नमुना तयार होता, बंपर तर बनूनही आले होते, आणि या माणसाला वाटलं की गाडी अरुंद दिसतेय. त्याने नमुना मधोमध उभा कापायला लावला, दोन्ही अर्धे नजरेला बरे दिसेपर्यंत लांब सरकवले, अंतर मोजलं तर चार इंच भरलं. तेवढी गाडी रुंद झाली. बॉनेटवरचा पट्टा ही त्या चार इंचांची खूण, आणि तयार बंपर मधे कापून तुकडा जोडून वापरले गेले. पुढे १९७१ पर्यंत या गाड्या सोळा लाखांच्या आसपास बनल्या. "सगळ्या मधोमध कापलेल्या," तुम्ही म्हणालात आणि ग्राइंडर माझ्या हातात दिलात.

आता तुम्ही गावाला गेला होतात तेव्हाची गोष्ट, कारण ती सगळ्यांना कळली पाहिजे. किल्ली तुम्ही विश्वासाने ठेवून गेला होतात. मी बाटलीतून पेट्रोल दिलं, बॅटरी जोडली, आणि इंजिन लागलं! मी एकटीच ओरडले. पण डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझायच्या ऐवजी, ॲक्सिलरेटर दाबला तसा, आणखीच लखलखला. मी घाबरून बंद केलं आणि तुम्हाला फोन लावला. तुम्ही एकच प्रश्न विचारलात: "बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंस?" उणे, अर्थात, सगळ्या गाड्यांना तसंच असतं. या गाडीला नसतं. हिची अधिकची बाजू बॉडीला जाते. मी उलटं जोडल्यामुळे बॅटरी चार्ज करणारा डायनामो आणि बॅटरी एकमेकांच्या विरुद्ध नव्हे, एकामागोमाग एक लागल्या होत्या. आणखी थोडा वेळ चालवलं असतं तर डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कट-आउटचे पॉइंट जळून चिकटले असते. नशिबाने नुसते काळे पडले. तुम्ही परत आल्यावर बॅटरी सुलटी केली, डायनामोच्या एफ टर्मिनलची वायर सोडवून तिथे क्षणभर करंट टेकवला, त्याला त्याची दिशा आठवून दिली. मी बोलणी खायच्या तयारीत होते. तुम्ही म्हणालात, "मी गिऱ्हाइकाचा रेडिओ जाळला होता. पगारातून भरला." बस्स, एवढंच.

व्हॉल्व्हचं काम मला सगळ्यात आवडलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात बारा थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंतर, म्हणजे ०.३० मिमी, इंजिन थंड असताना. आणि तुमचा तो नऊचा नियम: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लावायचा, सातवा असेल तेव्हा दुसरा, बेरीज नऊ आली की बरोबर. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, अडकताही कामा नये, सैलही जाता कामा नये, नुसतं जरा ओढ लागल्यासारखं सरकलं पाहिजे. तुम्हाला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ डाव्या कानाला लावलीत, आणि म्हणालात, "तिसरा बघ." तिसरा पंधरा थाऊवर होता.

इंजिन गोड चालायला लागल्यावर मला कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं होतं. नुसतं कोपऱ्यापर्यंत, हँडब्रेक चांगला आहे, पहिल्या गिअरमध्येच. तुम्ही वाद घातला नाहीत. स्टूल उचललंत, गाडीच्या बरोबर समोर, बंपरपासून हातभर अंतरावर ठेवलंत आणि त्यावर बसलात. हे तिसरं आणि शेवटचं थांबवणं. मी इंजिन बंद केलं.

कारण ब्रेक व्हायचे होते. या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचा एकच मार्ग. एक होज फुटला की पायाखाली काहीच उरत नाही. ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पाण्याने सिलिंडर आतून गंजतात. चाकांतले सिलिंडर मी चार दिवसांत उरकले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पेडलचा दाब चारही चाकांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर मात्र ड्रायव्हरच्या पायाखाली, तळाच्या पेटीत बसवलेला. तो धरणाऱ्या लांब बोल्टांच्या वाटेत टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा, आडवा येतो, त्यामुळे बोल्ट सुटतो पण बाहेर निघत नाही. चार इंच रुंद करायला गाडी कापणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

तीन संध्याकाळी मी त्या गाडीखाली पाठीवर पडून होते. डोळ्यांत गंज, बोटांची सालं निघालेली. मी तोंडाने जे काही बोलले ते तुम्ही तुमच्या उजव्या कानाने ऐकलंत असं मी धरून चालते. आणि मी खालून बघत होते, काका. मला तिथून तुमचे गुडघे आणि हात एवढंच दिसायचं. दुसऱ्या दिवशी पाना निसटला तेव्हा तुमचा हात पुढे आला, आणि मांडीवर परत गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा गेला. तुम्ही तो बोल्ट पंधरा मिनिटांत काढला असतात. टॉर्शन बार कुठे किती सरकवायचा हे तुमच्या हातांना पाठ आहे. तिसऱ्या रात्री साडेआठला तो निघाला, माझ्या हातून. तुम्ही म्हणालात, "चल, उशीर झाला." हे पत्र खरं तर त्या परत गेलेल्या हातासाठी आहे.

किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, खालच्या आट्यांना दर हजार मैलांना ग्रीस देते, चाक उचलून, मोकळं लोंबकळू देऊन. तिथले आटे झिजले की चालत्या गाडीचं चाक आडवं होतं, हे तुम्ही एकदाच सांगितलंत, ते पुरलं. किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंप टकटक करतो आणि कार्बोरेटर भरला की गप्प होतो. तो गप्प झाल्याशिवाय मी स्टार्टर ओढत नाही.

पहिल्या खऱ्या फेरीला तुम्ही शेजारी बसलात. या सालच्या मायनरला वळायचे दिवे नसतात, दारामागच्या खांबातून छोटा नारिंगी हात बाहेर येतो. वळणावर तुमच्या बाजूचा हात बाहेर आला आणि वळण संपलं तरी आत जाईना. तुम्ही समोर बघत असतानाच कोपराने मागच्या खांबाला एक ठोसा दिलात. टक्. आत. घरी आल्यावर मी म्हटलं, उद्या तो खोलून साफ करते, तेल देते. तुम्ही म्हणालात, "राहू दे. एवढं एक काम माझ्याकडे असू दे."

तो हात अजून अडकतो, काका. मी त्याला हात लावलेला नाही.

तुमची,
शेजारची मायनरवाली